गोधडी आधी उलटून बघा

गोव्यातल्या डिचोलीत आमचं गोधड्या शिवायचं काम सुरू झालं ते गिऱ्हाइकांनी आणून दिलेल्या कापडावर. आजीची नऊवारी लुगडी, धोतरं, विरलेल्या सुती चादरी. साठ बाय नव्वद इंचांच्या गोधडीला अशी दोन लुगडी पुरतात. एका लुगड्याचे नव्वद इंच लांबीचे तीन तुकडे निघतात, ते जोडले की साठ इंच रुंदीचे दोन थर होतात. म्हणजे दोन लुगड्यांत चार थर, आणि वर ठिगळांचा पाचवा. एकच काळजी घ्यायची: जोडाच्या शिवणी एकावर एक येता कामा नयेत. दर थराला जोड चार बोटं सरकवला नाही, तर त्या ओळीत सुई अडते आणि पाठीला काठीसारखी उभी रेघ कायमची राहते.

गोव्यात ही पद्धत टिकली त्याला कारण आहे. कापूस भरलेली दुलई आपल्या पावसाळ्यात ओल ओढते, वाळत नाही, आणि दोन धुण्यांत कापसाच्या गुठळ्या होतात. लुगड्यांच्या थरांत गुठळी व्हायला काही नसतं. शिवाय वीस-पंचवीस वर्षं धुतलेलं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा सुटायचा तेवढा रंग सुटलेला असतो आणि सुई त्यात लोण्यात जावी तशी जाते. जुन्या बायकांनी सगळ्यात सोपं कापड निवडलं होतं, हे आम्हाला नवं कापड हातात घेतल्यावर कळलं.

धावदोऱ्याचा हिशेब एकदा मांडून ठेवावा, म्हणजे भाव सांगताना अडखळायला होत नाही. अर्ध्या इंचावर ओळी धरल्या तर साठ इंचांत १२० ओळी येतात. प्रत्येक ओळ नव्वद इंचांची, म्हणजे १०,८०० इंच, साधारण २७४ मीटर. टाक्यात मुरणारा दोरा आणि गाठी धरून ३५० मीटर दोरा लागतो. इंचाला पाच टाके धरले तर चोपन्न हजार टाके झाले. चांगला हात मिनिटाला वीस टाके घालतो, तेव्हा नुसत्या शिवणीला पंचेचाळीस तास लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुनं कापड तर आमचंच आहे, मग एवढे पैसे कसले?’ त्याला आम्ही हा हिशेब दाखवतो.

दोरा हातभरच घ्यायचा, अठरा इंच. लांब घेतला तर सुई कमी वेळा ओवावी लागते खरी, पण तोच दोरा थरांतून शेकडो वेळा घासून शेवटी पिंजतो आणि तिथेच तुटतो. मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो. सुई आखूड हवी, बिटवीन्स जातीची, आठ किंवा नऊ नंबरची. यात नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्या मुलींना दोनदा सांगावं लागतं. गाठ पाठीवर ठेवायची नाही. वरच्या थराखाली हलका झटका देऊन ती आत ओढून घ्यायची. टक् असा आवाज आला की समजायचं, गाठ आत बसली.

नव्या कापडावर आलो आणि पहिल्याच खेपेला दोन गोष्टी बिघडल्या. न धुता कापलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात नव्वद इंचांना तीन-चार इंच आटतं. वरचं एका मानाने, पाठीचं दुसऱ्या मानाने, आणि दोरा जवळपास आटतच नाही. मग प्रत्येक टाक्याशी सुरकुती धरते. दुसरा बिघाड लाल रंगाचा. कुणबी साडीचा तो लाल चौकडा आम्हाला हवाच होता. गोव्यातली ही साडी मागे पडत चालली होती. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती नव्याने लोकांपुढे आणली आणि तिला पुन्हा विचारणा सुरू झाली. पण लालाच्या शेजारी पांढरं आलं की परीक्षा होते. आमची पहिली गोधडी धुतल्यावर गुलाबी झाली.

रंग बसवायला मीठ किंवा शिरका घाला असं सगळे सांगतात. त्याने काही होत नाही. धाग्याला न चिकटलेला जादा रंग कापडात उरलेला असतो, तो काढून टाकणं हाच उपाय. हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून पाणी स्वच्छ येईतो धुवायचं, चार वेळा लागो की सात वेळा. मग काचेच्या ग्लासात गरम पाणी, त्यात लाल कापडाचा तुकडा आणि पांढरा तुकडा अर्धा तास एकत्र. पांढरा पांढराच राहिला तर ते कापड कात्रीखाली जातं. आणि तयार गोधडीवर रंग उतरलाच, तर ती वाळू द्यायची नाही. ओली आहे तोवर भरपूर गरम पाण्यात साबणासह रात्रभर बुडवून ठेवली तर बराचसा रंग निघतो. वाळली की डाग पक्का.

पांढऱ्या-लालाचा हा हट्ट कशासाठी, तर कावीसाठी. गोव्यात आणि खाली-वर कोकण-कारवार पट्ट्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम दिसतं: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजाचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि ओला असतानाच तो टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. फुलांच्या वेली, मोर, देवादिकांची चित्रं. आम्ही आधी हीच नक्षी पांढऱ्या पट्ट्या कापून लाल कापडावर टाकून बघितली. दिसायला ठीक होती, पण पांढऱ्या पट्टीतून खालचा लाल झिरपल्यासारखा दिसायचा आणि सगळं काम मळकट वाटायचं. चूक साधी होती. कावीत पांढरा वर नसतोच, तो खाली असतो. लाल वर ठेवून कापला की प्रश्न सुटतो. मुडपलेला लाल काठ लालाखालीच दडतो, पांढऱ्यावर सावली पडत नाही.

या उलट्या ठिगळकामाची रीत अशी. खाली पांढरं केंब्रिक, म्हणजे दाट विणीचं पातळ सुती कापड, वर लाल केंब्रिक, दोन्हींचा उभा धागा एकाच दिशेने. मलमल घेतली तर काठ सुटतात, पॉपलीन घट्ट असल्याने सुई कण्हत जाते. नक्षी लालावर काढायची आणि रेघेपासून दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अंतर ठेवून कच्चे टाचे घालायचे. मग पांढरी दिसायला हवी त्या पट्टीच्या बरोबर मधोमध लाल कापड कापायचं, एका वेळी दोनच इंच. सगळी वेल आधी कापून ठेवली तर कापड ताणतं आणि नक्षी जागची हलते. कापलेला काठ सुईच्या टोकाने आत सारत, अंगठ्याने दाबत, बारीक टाक्यांनी पांढऱ्यावर बसवायचा. जिथे काठ आत वळतो तिथे लहान चिरे द्यायचे, रेघेच्या दोन धागे अलीकडे थांबून. बाहेर वळणाऱ्या काठाला चिरा लागत नाही.

इथे कापड भिंतीपेक्षा अडेल आहे. भिंतीवर कारागीर केसासारखी रेघ ओढू शकतो. कापडात पांढरी पट्टी दोन सूत रुंद असेल तर मधोमध कापल्यावर प्रत्येक बाजूला मुडपायला एकच सूत उरतं. त्याहून अरुंद केली की धागे निसटतात, आज नाही तर तिसऱ्या धुण्यात. म्हणून आमची पट्टी दोन सुतांच्या खाली जात नाही आणि मोराच्या डोळ्याभोवतीची बारीक कडा आम्ही कापत नाही, पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाक्यात भरतो. ही तडजोड आहे. नीट पाहणाऱ्याला ती दिसते.

या कामाला घडवणारी दुसरी गोष्ट सीमेपलीकडची. उत्तर कन्नडातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. तिथे आधी ठिगळं जोडून मग थर टाचायचे असं नसतं. पाठीचं कापड अंथरायचं, कोपऱ्यापासून काठाने ठिगळं मुडपत-मुडपत थेट धावदोऱ्यानेच बसवत जायचं, फेरी-फेरीने आत, मधोमध संपवायचं. कोपऱ्यांवर घडी घातलेली रंगीत त्रिकोणी फुलं लागतात. ती नसली तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. काठापासून आत जाणाऱ्या या टाक्याने काठ पहिल्यापासून पक्का होतो, हे आम्ही तिथून घेतलं, पण फक्त बाळाच्या दुपट्यापुरतं, छत्तीस इंचांपर्यंत. मोठ्या नगात उरलेली ढिलाई सगळी मध्यावर जमते आणि आमच्या हातांना ती जिरवता येत नाही. सिद्दी बायकांना येते.

मोठ्या नगाला आम्ही मधून बाहेर टाचतो. पाठीचं कापड चारी बाजूंनी तीन-चार इंच जास्त ठेवून फरशीवर मास्किंग टेपने चिकटवायचं. ताठ, पण ताणून नाही. ताणलेलं कापड टेप काढल्यावर मूळ जागी येतं आणि पाठीला चुण्या पडतात. पुढून काही दिसत नाही, म्हणून तर गोधडी उलटून बघायची. त्यावर भरण, म्हणजे मधला थर, त्यावर वरचा थर, आणि मध्यापासून सूर्याच्या किरणांसारखे कच्चे दोरे. नंतर चार-चार इंचांवर आडवे-उभे. पावसाळ्यात टाचण्या लावून ठेवायच्या नाहीत. आठवड्यात गंजाचे ठिपके उमटतात आणि तो डाग लालावरसुद्धा दिसतो.

राज्याबाहेरच्या एका स्पर्धेत आमच्या कावीच्या गोधडीला क्रमांक मिळाला, त्या शेऱ्यांत नक्षीबद्दल एक ओळ होती आणि काठाबद्दल चार. काठाची पट्टी पोकळ आहे. दोन कोपरे काटकोनात नाहीत. टांगल्यावर खालची कड लाटेसारखी हलते. तिन्ही दोष खरे होते.

पट्टी पोकळ राहते कारण भरण शिवणीशी संपवलेलं असतं; ते पट्टीच्या घडीपर्यंत पोचायला हवं. अडीच इंच रुंद पट्टी दुमडून, दोन सुतांवर शिवून, मागे वळवून हाताने टाचायची. साठ बाय नव्वदच्या नगाचा परीघ ३०० इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी बारा इंच जास्त. बेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून आठ पट्ट्या, म्हणजे वीस इंच कापड. कोपऱ्याआधी बरोबर दोन सूत थांबायचं, पट्टी वर दुमडून मग खाली आणायची. दोन टाके पुढे गेलं तरी कोपरा गोल होतो. काटकोन तपासायला दोन्ही कर्ण मोजायचे, फरक दोन सुतांच्या आत हवा. लाट मात्र पट्टी लावण्याच्या आधीच येते. बॉर्डर, म्हणजे नक्षीभोवतीची चौकट, कापताना लोक कडेची लांबी मोजतात, आणि हाताळून कड तेव्हा ताणलेली असते. आम्ही आता मध्यावर आणि दोन बाजूंना, अशा तीन जागी मोजून सरासरीवर बॉर्डर कापतो आणि कड तिच्यात बसवतो.

चौकड्यांच्या जोडणीत हेच माप आणखी छळतं. प्रत्येक शिवण फक्त अर्धा सूत जास्त गेली तर दर जोडाला एक सूत खर्च होतं. वीस ठिगळांच्या ओळीत एकोणीस जोड, म्हणजे ओळ सव्वादोन इंचांहून जास्त आखूड. मशीनच्या पट्टीवर चिकटटेपचा जाड तुकडा लावून कापड त्याला टेकवून शिवलं की हा घोळ थांबतो.

हात की मशीन, हा वाद आमच्याकडे रोज कुणीतरी उकरतो. अमेरिकेत केंटकीतल्या पडूका गावी भरणाऱ्या क्विल्ट स्पर्धेत १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट नगाचा मान मिळाला, आणि तिथे तो मान मिळवणारा तो मशीनने शिवलेला पहिलाच नग होता. म्हणजे तिकडे वाद कधीच मिटला. आमचं मत: जोडणी मशीनने, धावदोरा हाताने. मशीनची टीप थरांना रेघेत दाबून टाकते, हाताच्या टाक्यात कापड मधेमधे श्वास घेतं आणि धुतल्यावर मऊ पडतं.

खुणांच्या पेनबद्दल बोलायलाच हवं. इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी शाई मुली आवडीने वापरतात, कारण रेघ क्षणात जाते. ती जात नाही, नुसती दिसेनाशी होते. शून्याखालच्या थंडीत ती परत उमटते. विमानाने थंडीत पाठवलेला आमचा एक नग उघडला तेव्हा सगळी वेल काळ्या रेघांसकट हजर होती. गोव्यात बसून हे कधीच कळलं नसतं. आता धुऊन निघणारी निळी शाई किंवा टेलर चॉक. निळ्या शाईवर इस्त्री फिरवायची नाही, ती पक्की होते, आधी नुसत्या थंड पाण्यात बुडवायची.

जून ते सप्टेंबर आम्ही तयार माल प्लॅस्टिकमध्ये ठेवत नाही. खळ पूर्ण धुऊन काढतो, नाहीतर कसर लागते. सुती पिशवी, आत वाळलेला कडुलिंब, आणि महिन्याला एकदा घडी मोडून दुसऱ्या जागी घालायची. घडीच्या जागी रंग उडतो आणि तंतू मोडतात.

मजुरी आम्ही नगावर देत नाही. नगावर दिली की टाका लांब होतो. आपोआप होतो, कुणाची लबाडी नसते. तासावर देतो आणि शनिवारी कुठल्याही तीन जागी एका इंचातले टाके मोजतो. घरगुती गोधडीला पाच, स्पर्धेच्या नगाला आठ.

सध्या मांडणीवर आहे ती जुन्या गोंयकार घरांच्या शिंपल्याच्या खिडकीवरून घेतलेली रचना. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत चपट्या शिंपल्यांचे तुकडे बसवलेले, उजेड आत येतो पण बाहेरचं दिसत नाही. आम्ही शिंपल्याच्या जागी पांढरी ऑर्गंडी घेतली. पारदर्शक कापडात शिवणीचा आतला काठ दिसतोच, म्हणून तो दडवायचा नाही असं ठरवलं. कोरियात ‘पोजागी’ नावाच्या रुमालांना दोन्ही काठ एकमेकांत दुमडून चपटी शिवण घालतात. तशी दोन सुतांची शिवण घातली की उजेडात तीच खिडकीच्या लाकडी पट्टीसारखी दिसते. अडचण भरणाची आहे. काहीही भरलं की उजेड अडतो, न भरावं तर थर दोनच होतात, आणि ज्या स्पर्धेच्या नियमांत तीन थर लिहिले आहेत तिथे ती दारातच बाद. मधे तिसरा थर रेशमी जाळीचा घालून एक चौकट शिवून ठेवली आहे. सकाळच्या उन्हात ती चालते, ट्यूबलाइटखाली नाही.