उरलेल्या चाळीस किलोंचं काय?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य आहे. त्याच गवतात काळवीट आहेत आणि लांडगेही. मराठीत माणसाचा लांडगा होतो अशी रूपांतराची कथा लिहायची तर बर्फातला लांडगा कशाला आणायचा, हा आपला माळावरचा घ्यावा. मात्र तो २० किलोंच्या आसपास भरतो आणि कथेतला माणूस ६० किलोंचा. मधले ४० किलो कुठे गेले, हे पहिलं वाक्य लिहिण्याआधी ठरवा.

ते ‘ऊर्जेत बदलले’ असं लिहू नका. एका किलोची पुरती ऊर्जा झाली तर सुमारे २ कोटी टन टीएनटीचा स्फोट होतो. इथे ४० किलो आहेत. कथेला गावच उरणार नाही.

याची उत्तम सोय आपल्या अष्टसिद्धींत आहे. अणिमेने आकार लहान होतो, लघिमेने वजन हलकं होतं, गरिमेने जड. आकार आणि वजन या दोन वेगळ्या विद्या! ज्याला अणिमा साधली पण लघिमा नाही, तो मांजर होईल ते ६० किलोंचं. पत्र्यावर उडी मारली की पत्रा दबेल, ओल्या मातीत पंजे खोल रुततील, आणि माग काढणाऱ्याला तेवढं पुरेल. अपुऱ्या विद्येतून कथा आपोआप पुढे सरकते.

सगळ्यात जास्त चुका उष्णतेत होतात. ६० किलोंच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी लागतात. हाडं-स्नायू मोडून पुन्हा बांधायला ५०० किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीच्या तीनेक भाकरींची ताकद, मिनिटभरात खर्च झाली आणि तिची उष्णता आतच कोंडली, तर ३७ अंशांचं शरीर ४७ वर जातं. माणूस त्याआधीच मरतो. घाम हा उपाय आहे, एक लिटर घाम वाळताना ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण मिनिटभरात एवढा घाम येत नाही, वाळत तर नाहीच. शिवाय लांडग्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकतो. म्हणून केस सगळ्यात शेवटी उगवले पाहिजेत. बहुतेक वर्णनांत ते सगळ्यात आधी उगवतात.

दुसरा मार्ग पाण्याचा. २०० लिटर पाणी हीच उष्णता घेऊन अवघं अडीच अंशांनी तापतं. सोलापूरच्या मे महिन्यात हवाच अंगापेक्षा गरम असते, तेव्हा पात्राला विहिरीत उतरवा किंवा पिंपात बसवा. टंचाईच्या दिवसांत कोण रोज भरलेलं पिंप उपसतंय, हे शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

सांगाड्याचं काम वाटतं तितकं अवघड नाही. मानेचे मणके माणसाला सात, लांडग्यालाही सातच. मागच्या पायाला जो ‘उलटा गुडघा’ दिसतो ती खरं तर टाच आहे. लांडगा बोटांवर चालतो. म्हणून गुडघा उलटा मोडल्याचा कडकडाट लिहू नका. टाच उचलली जाते, तळव्याची हाडं लांबतात, मांडी आखडून पोटाशी जाते आणि गुडघा होता तसाच पुढे वाकतो.

कपड्यांवर शब्द खर्चू नयेत. परतायच्या जागी चादर ठेवली की झालं.

मेंदूचं मात्र तसं नाही. माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा, लांडग्याच्या कवटीत जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याला जागा. काय मागे राहतं, हे लेखकाने निवडायचं. माझ्या मते आधी नावं जावीत, वास राहावेत. आणि लांडग्याच्या डोळ्यांनी लिहिताना लाल लुगडं लाल दिसू देऊ नका, त्याला तांबडा-हिरवा भेद कळत नाही.

रूप सुटतं केव्हा? रामायणात बाण लागल्यावर मारीचाचं हरणाचं रूप गळून पडतं, पण हाक तो रामाच्याच आवाजात मारतो. म्हणजे देह गेला तरी उसना आवाज टिकला. तुमच्या लांडग्याचं जबडा-जीभ-घसा सगळं लांडग्याचं असेल, तर तो बोलतो कुठून, हे वेगळं ठरवावं लागेल.