मिनाचं ऊन आणि टाच मोडलेले शूज

हजला गेलं की सगळे सारखे होतात म्हणतात, राजा काय नि रंक काय. बायकांच्या बाबतीत हे पहिल्याच दिवशी फसतं. एहरामच्या, म्हणजे हजसाठी घालायच्या, त्या दोन बिनशिवलेल्या चादरी पुरुषांना, आपल्याला आपलेच कपडे, फक्त नकाब आणि हातमोजे नाही घालायचे. त्यामुळे कोणाचा अबाया कुठून घेतला आणि कोणाच्या ओढणीला कसली लेस हे मक्केजवळ मिनाच्या तंबूत आरामात चालू होतं, मध्येमध्ये लब्बैक, 'अल्लाह, मी हजर आहे'चा पुकारा. आणि पुरुषांच्या चादरी सारख्या असल्या तरी तोंडं सारखी नसतात ना. आमच्या ग्रुपमध्ये एक हाजीसाहेब होते, आधीही हज करून आलेले, त्यामुळे सगळं त्यांना माहीत. तंबू टॉयलेटजवळ मिळाला म्हणून त्यांनी जो आवाज चढवला तो आमच्या बायकांच्या बाजूला पडद्याआड स्पष्ट ऐकू येत होता, "हमको इधर डाला? हमको?" त्या दुसऱ्या "हमको"वर मला हसू आलं आणि रागही आला, आणि मग पुन्हा लब्बैक सुरू झालं तेव्हा डोळ्यांत पाणी. हजमध्ये असंच होतं, कशानंतर काय येईल सांगता येत नाही.

अराफातबद्दल, हजमध्ये उभं राहून दुआ मागतात त्या मैदानाबद्दल, मी लिहिणार नाही. जोहर-असरची नमाज झाली आणि मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत, हात वर, ते माझं आणि अल्लाहचं.

अराफातहून परतताना रात्र काढतात त्या मुजदलिफाला मात्र एक गोष्ट झाली. रात्री उशिरा पोचलो, मगरिब-इशा एकत्र पढलो, चण्याएवढ्या कंकऱ्या वेचून पिशवीत भरल्या, आणि उघड्यावर चटई टाकून पाय लांब केले. मौलाना झोप येईपर्यंत बोलत बसले होते. ते म्हणाले, तुम्ही आत्ता जिथे पडलाय ना, इस्लामच्या आधी मक्केच्या कुरैश टोळीचे लोक हजला इथपर्यंतच यायचे. अराफात हरमच्या, मक्केभोवतीच्या पवित्र जागेच्या, हद्दीबाहेर, आणि आम्ही तर हरमवाले, आम्ही कशाला बाहेर जाऊ, बाकीच्यांनी जावं. स्वतःला ते हुम्स, म्हणजे धर्मात कडक, म्हणवायचे. सगळी दुनिया अराफातला उभी आणि ही मंडळी इथे वेगळी. मग कुराणाच्या सूरह बकरामध्ये आयत आली की लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता. आणि नबी मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम स्वतः कुरैशचे, पण 632 मध्ये त्यांच्या हजला ते थेट अराफातला जाऊन सगळ्यांमध्ये उभे राहिले. मी इतक्या वर्षांत ही आयत किती वेळा पढले असेन, पण त्यामागे हजमधलाच व्हीआयपी कोटा बंद झाल्याची गोष्ट आहे हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. हाजीसाहेब मोठ्यांदा सुभानअल्लाह म्हणाले आणि लगेच शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना चटई जरा उधर सरकवायला सांगितली.

हजच्या महिन्याची दहा तारीख, कंकऱ्या, कुर्बानी, बोटाच्या पेराएवढे केस कापले, काबाभोवती तवाफ, सफा-मरवामधली सई, सगळं एकमेकांत मिसळलंय. कुठल्या वेळी काय खाल्लं, खाल्लं का, आठवत नाही.

अकरा तारखेची दुपार आठवते. जवालनंतर, म्हणजे सूर्य कलल्यावर, तिन्ही जमरातना, सैतानाच्या त्या खुणांना, सात-सात, एकवीस कंकऱ्या. तंबूपासून चालत, डोक्यावर ऊन, आणि माझ्या पायात खास हजसाठी घेतलेले शूज, जे दुकानात मऊ वाटतात आणि मिनात टाच सोलतात. पुलावर पोचलो. पूर्वी तिथे खांब होते, 2004 पासून लांब भिंती केल्यात म्हणून गर्दी जरा पसरते. तरी माझ्या पुढचा एक माणूस शिव्या देत चप्पल फेकत होता, आणि चप्पल फेकायला हात मोकळा व्हावा म्हणून कोपराने दोघींना ढकलून झालं होतं. मला तिथे इब्लीसच, सैतानच, आठवत राहिला. त्याने अल्लाहला नाकारलं थोडंच होतं, बोलत तर त्याच्याशीच होता. त्याचं म्हणणं एवढंच की मी या आदमपेक्षा चांगला, मला तू आगीपासून बनवलंस आणि याला मातीपासून, मी याच्यापुढे झुकून सजदा का करू. बस, एवढ्यावर गेला. आणि इथे आपण त्यालाच मारायला आलोय आणि वाटेत येणाऱ्याला कोपर.

मारून झालं की आल्या वाटेने परत येऊ देत नाहीत, रस्ता एकाच दिशेचा, लांबून वळसा घालून यायचं. त्या वळशावर आमचे हे गर्दीत पुढे निघून गेले आणि माझा टाचेचा फोड फुटला. मी सरळ कडेला फूटपाथवर बसले. मोजा रक्ताने शूजला चिकटलेला, ओढवेना. शेकडो लोक समोरून जातायत, कोणाच्या छत्रीची काडी लागतेय, आणि मी रडतेय, पण तौबा वगैरेचं नाही, नुसत्या वैतागाचं.

शेजारी एक बाई बसलेली होती, चांगली उंच, माझ्या अम्मीच्या वयाची, दंडावर नायजेरियाचा झेंडा शिवलेला. ना तिला माझी भाषा ना मला तिची. तिने माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि काही न विचारता माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी "नो नो" करत राहिले. तिने तिच्या बाटलीतलं पाणी मोज्यावर हळूहळू ओतलं, भिजू दिलं, मग एकेक बोट घालून मोजा सोडवला. लोंबणारी कातडी मी ओढायला गेले तर हातावर चापट मारली, अगदी घरच्यासारखी. पिशवीतून एक सुती फडकं काढलं, दातांनी फाडलं, टाचेला गुंडाळलं. मग माझा शूज हातात घेऊन उलटापालटा केला, किंमत ओळखू येईल असाच तो शूज, आणि मागची ताठ टाच दोन्ही अंगठ्यांनी आत दाबून, वर बसून, अक्षरशः वर बसून, चपटी करून टाकली. शूजची चप्पल झाली. ती पायात सरकवली आणि खो खो हसली. तिच्या पायात साध्या रबरी सपाता होत्या आणि तिच्या टाचांना माझ्यापेक्षा मोठ्या भेगा.

नबींचं वचन सांगणारी ती हदीस सगळ्यांना पाठ असते, दिलात कणभरही किब्र, म्हणजे गर्व, असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही. तिचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. कोणीतरी विचारलं की माणसाला चांगले कपडे, चांगले जोडे आवडतात, त्याचं काय? तर नबी म्हणाले अल्लाह सुंदर आहे, त्याला सौंदर्य आवडतं, किब्र म्हणजे हक, जे खरं ते, नाकारणं आणि लोकांना तुच्छ समजणं. म्हणजे शूज महाग असल्याचा काही गुन्हा नाही. चावतो एवढंच.

तंबूत हे आधीच पोचून माझीच शोधाशोध करत होते. फडकं बघून हाजीसाहेबांनी विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, "उन लोगों से ज़रा दूर रहना बेटी, धक्का मारते हैं." नबींचे साथी अबू जर यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं तेव्हा नबींनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, तुझ्यात अजून जाहिलियत, इस्लामच्या आधीचं अज्ञान, आहे. मला ते म्हणायचं होतं पण वय बघून गप्प बसले. मौलानांनीही ऐकलं, त्यांनी नुसता चष्मा पुसला.

बारा तारखेला सूर्य बुडायच्या आत मिना सोडायचं म्हणून बससाठी झुंबड. हाजीसाहेब सगळ्यांत आधी चढून पुढच्या सीटवर, शेजारच्या सीटवर त्यांची बॅग. मी दांड्याला धरून एका पायावर उभी. मुजदलिफाच्या चटईवाले तेच म्हातारे बाबा मागून उठले आणि मला म्हणाले, बैठो. मी नको म्हटलं, ते ऐकेनात, त्यांनाही धड उभं राहता येत नव्हतं. "वला जिदाला फिल हज," हजमध्ये भांडण नाही, मी दात आवळून म्हटलं, आणि हाजीसाहेबांची बॅग उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाबांना तिथे बसवलं.