वन बीएचकेतली मोकळीक

चारशे चौरस फुटांच्या घरात नवरा-बायकोपैकी कुणाला एकटं बसायचं असेल, तर खोली कुठून आणणार? मोकळीक काढायची ती वेळेतूनच.

खटके सगळ्यात जास्त उडतात ते संध्याकाळी दार उघडल्यानंतरच्या अर्ध्या तासात. तो बदलापूर लोकलमध्ये चेंगरून आलेला, त्याला गप्प पडायचंय. ती दिवसभर घरून काम करून कंटाळलेली, तिला बोलायचंय. चूक कुणाचीच नाही. इथे क्रम सांभाळावा: आधी पाच-दहा मिनिटं चहा आणि विचारपूस, मग अर्धा तास ज्याचं त्याने. उलटं केलं, म्हणजे आल्या आल्या कानात इअरफोन घातले, की वाट बघणाऱ्याला ते झिडकारल्यासारखंच वाटतं.

‘मला जरा एकटं सोड’ हे वाक्य घात करतं, कारण त्याला शेवट नाही. ऐकणारा घाबरतो, मागे लागतो. मागे लागलं की पहिला आणखी मिटतो. त्याऐवजी ‘साडेआठपर्यंत पडतो गं, मग जेवताना बोलू’ म्हणावं. कारण सांगितलं नाही तरी चालतं, वेळ मात्र सांगायचीच. आणि साडेआठला उठून यायचं ते वेळ मागणाऱ्यानेच, आपणहून. तेव्हाही रील्सच चालू असतील, तर पुढच्या वेळी शब्दाला किंमत उरत नाही. समोरच्यानेही मधेच ‘झालं का?’ म्हणून डोकावायचं नाही.

भांडणातली सुट्टी वेगळी. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरचा काय म्हणतोय ते नीट आत शिरतच नाही, आणि शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात. ती २० मिनिटं उत्तरं रचण्यात घालवली तर नाडी उतरत नाही. खाली जाऊन सोसायटीला दोन चकरा माराव्यात, दूध आणावं.

फोनचंही आधीच ठरवून टाकावं. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं. रात्री उशिरा परतताना १ तास पुष्कळ झाला. रोज ८ तास मागणं म्हणजे पाळत. मैत्रिणींना भेटायला परवानगी लागत असेल, पगाराचा हिशेब द्यावा लागत असेल, तर हा प्रश्न मोकळीक वाटून घेण्याचा राहिलेला नाही. तिथे वेळापत्रकं कामाची नाहीत. विश्वासातल्या माणसाला सांगावं, बाईने १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा.