आमची वाटचाल : फोटोतली छेडछाड ओळखताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला तेव्हाच काम ठरलेलं होतं. मोटार विम्याच्या क्लेमसोबत येणारे फोटो तपासायचे आणि छेडछाड दिसली तर ती नेमकी कुठे, हे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला दाखवायचं.

जेपेग फाइल फोटोच्या 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटी पाडून तो दाबते, म्हणजे फाइल लहान करते. दुसरीकडचा तुकडा आणून चिकटवला की ही जाळी सहसा जुळत नाही. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरचा स्वतःचा ठसा असतो. संशोधक जेसिका फ्रिड्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली तो वापरून दाखवला. अशा खुणा आमचं मॉडेल, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, उदाहरणं बघून शिकतं. चिनी विज्ञान अकादमीतल्या ‘कासिया’ या फोटोसंचावर आम्ही सुरुवात केली.

पण आमच्याकडे फोटो येतात व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथे फोटो लहान होतो, पुन्हा दाबला जातो, मेटाडेटा (फोटो कधी, कशाने काढला ही फाइलमधली माहिती) गळतो आणि बारीक खुणा पुसट होतात. म्हणून घोडबंदर रोड आणि रबाळ्याच्या गॅरेजांत जाऊन आम्हीच गाड्यांचे फोटो काढले, पोचे इकडचे तिकडे केले, ते या फोनवरून त्या फोनवर फिरवले आणि मगच मॉडेलला दिले. कामाला खरी धार आली ती इथे. एका चंदेरी दारावर दोन ओरखडे होते, आणि दोन्हींच्या टोकाला चिखलाचा अगदी तोच ठिपका. मॉडेलला तुकडा उचलून चिकटवल्याचा संशय आला, स्क्रीनवर दोन्ही जागा लाल झाल्या.

लाल तर पेव्हर ब्लॉकही होतात, ते मुळातच एकसारखे. म्हणून शेवटची नजर माणसाचीच, यावर मी ठाम आहे. रिक्षावाल्याचा खरा क्लेम आमच्यामुळे लटकला तर त्याची रिक्षा गॅरेजात पडून राहते आणि घरचं उत्पन्न बुडतं. रिपोर्टात आम्ही निकाल देत नाही. खुणा दाखवतो आणि मूळ फाइल मागवायला सांगतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे कोर्टातल्या पुराव्यांचा कायदा, लागू झाला. त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लागते, त्यामुळे फाइल हाती आली की आधी हॅश नोंदवतो, मग उघडतो.

आता एआयने रंगवलेले पोचे येऊ लागलेत. त्यात तुकडा कुठून उचललेलाच नसतो, मग एकसारख्या जागांची जोडी शोधून काय सापडणार? त्यासाठी वेगळं मॉडेल शिकवणं चालू आहे. तोवर कळव्यापासून पनवेलपर्यंतच्या सर्व्हेअरना पहिल्याच फोनवर सांगतो : साहेब, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.