एका शिक्क्यासाठी चार दिवस

सनद मिळून चार वर्षं झाली होती आणि सीनियरांकडून बाहेर पडून सहा महिने. ठाण्यात कामगार कायद्याची वकिली करतो म्हटलं की नातेवाईक विचारायचे, "म्हणजे खऱ्या कोर्टात नाही का?" अशात जानेवारी 2018 मध्ये रबाळे एमआयडीसीतले एक काका पिशवीतून कागद घेऊन आले. 12 मार्च 2015 ला कंपनीने त्यांना कामावरून काढलेलं. इतके दिवस कुठे होतात विचारलं, तर म्हणाले, "साहेब, युनियनवाले बघतो बघतो म्हणत होते."

अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यातली 90 दिवसांची मुदत केव्हाच गेली होती. उरला औद्योगिक विवाद कायदा, कलम 2अ. आधी समेट अधिकाऱ्याकडे (कामगार-मालकात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज करायचा, 45 दिवस थांबायचं, मग थेट कामगार न्यायालय. पण सगळं काढल्यापासून तीन वर्षांच्या आत, म्हणजे 12 मार्च 2018 पर्यंत. (आता नव्या संहितेत मुदती बदलल्या आहेत, माझे आकडे उचलू नका.) कॅलेंडर घेऊन बसलो. अर्ज 25 जानेवारीपर्यंत आवक व्हायलाच हवा, म्हणजे कार्यालयात नोंद होऊन शिक्का पडायलाच हवा. 26 ला सुट्टी, 27 चौथा शनिवार, 28 रविवार. 29 चा शिक्का पडला तर काकांची केस तिथेच संपली.

सोमवारी 22 ला अर्ज घेऊन गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. आवक टेबलावरच्या बाईंनी अर्ज ठेवून घेतला आणि माझी प्रत कोरीच परत दिली. "साहेबांनी बघितल्याशिवाय शिक्का नाही. उद्या या." मंगळवारी साहेब मीटिंगला. बुधवारी साहेब होते, पण अर्ज सापडेना. दुसरी प्रत दिली, तर त्यावर काकांची सही झेरॉक्स. मूळ सही हवी. काका तेव्हा तुर्भ्याला नाक्यावर हमाली करत होते. दिवसाची मजुरी बुडवून ते गुरुवारी सकाळी ठाण्याला आले, सही केली. मग जेवणाची सुट्टी. मग बाई बँकेत. समोरच्या भिंतीवर "नागरिकांची सनद" लावलेली होती. ती मी इतक्यांदा वाचली की तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पाठ झाल्या.

साडेपाचला बाईंनी पर्स उचलली आणि माझा आवाज चढला. ओरडून काही होत नाही, हे तेव्हाच कळलं. काम झालं ते दुसऱ्याच वाक्याने: "शिक्का नको, अर्ज घेत नाही एवढं लिहून द्या." लिहून द्या म्हटल्यावर ड्रॉवर उघडला.

शिक्का अर्धाच उमटला. मी तिथेच उभं राहून बाजूला बाईंकडून आवक क्रमांक आणि तारीख पेनाने लिहून घेतली. बाई वैतागल्या, पण लिहिलं. हे मात्र मी आजही प्रत्येक पोचीवर करतो. सोमवारीच एक प्रत रजिस्टर पोस्टाने टाकली असती तर एवढी तडफड झालीच नसती, हे सीनियरांनी नंतर सांगितलं, तेही हसत.

समेटाच्या तारखांना कंपनीकडून कुणी फिरकलं नाही. 12 मार्चला, शेवटच्या दिवशी, न्यायालयात अर्ज दाखल केला. या कोर्टात वकिलाला उभं राहायला समोरच्याची संमती लागते. त्यामुळे कंपनीचे वकील आणि मी आधी एकमेकांना "हरकत नाही" लिहून दिलं आणि मग भांडायला लागलो.

अरे हो, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, कामाच्या स्लिपा कधी फेकू नका. काका आयुष्यभर मशीनवर, पण ओळखपत्रावर "सुपरवायझर", पगार साडेअकरा हजार. दहा हजारांवरचा सुपरवायझर त्या कायद्यात कामगारच धरायचे नाहीत, म्हणून कंपन्या असली पदं फुकट वाटायच्या. काकांनी मशीनची रोजची उत्पादन स्लिप जपून ठेवली होती, त्यावर ऑपरेटर म्हणून त्यांचंच नाव.

मुदतीची हरकत आलीच. कंपनीच्या वकिलांनी पोच हातात घेतली आणि म्हणाले, हा आकडा 29 आहे. न्यायाधीशांनी कागद खिडकीकडे धरला. मी बाईंनी पेनाने लिहिलेली तारीख दाखवली. त्यांनी ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, टिपून घेतली आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "जिंकलो का?"

"नाही काका, आता कुठे केस सुरू झाली."