पावसाळ्यातली बॅग: किती लिटरची घ्यायची?

मागच्या जूनमध्ये खानापूरहून बेळगावला बाईकवर येताना असला पाऊस लागला की लॅपटॉप कसाबसा वाचला पण फाईलीचा पार लगदा झाला, आणि बॅगेवर म्हणे वॉटरप्रूफ लिहिलेलं. कापड चांगलं होतं हो, पाणी शिरलं ते चेनमधनं आणि शिलाईच्या भोकांतनं. तेव्हापासनं खडेबाजारात बॅग बघताना आधी ती उलटी करतो, आतल्या शिलाईवर टेप असली तरच पुढं भाव विचारायचा. तोंड गुंडाळून क्लिप लावायची ती रोल-टॉप सगळ्यात भारी, फक्त डबा काढायला दरवेळी उलगडत बसायचं, वैताग नुसता.

साईजचं म्हणाल तर रोजच्याला २० ते २५ लिटर बास, लॅपटॉप, डबा, छत्री सगळं मावतंय. मी आधी हौसेनं ४० लिटरची घेतलेली, बसमध्ये वळलं की मागच्याच्या तोंडावर, शिव्या खाल्ल्या की राव! ती आता आंबोलीला नाहीतर दांडेलीला दोन-तीन दिवस जायचं असलं तरच माळ्यावरनं खाली येते. रेनकव्हर घातलं तरी पाठीकडनं पाणी झिरपतंच, म्हणून कपडे आत साडीच्या दुकानातल्या जाड पिशवीत.