थंडी, ऑक्सालिप्लाटिन आणि चप्पल

डिसेंबर, बुधवार

निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि ऑक्सालिप्लाटिन, म्हणजे कॅन्सरवरचं एक केमोचं औषध, चालू असलेल्यांचे हाल सुरू होतात. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यातच चढवायचं. मिठाच्या सलाईनमधल्या क्लोराइडने ते बिघडतं, म्हणून नळीही आधी-नंतर डेक्स्ट्रोजनेच धुवायची. एवढं सगळे पाळतात. राहून जातं ते घरी पाठवतानाचं बोलणं.

पुढचे चार-पाच दिवस गारव्याशी वैर. नळाखाली हात धरला की बोटांत झिणझिण्या, गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो. श्वास अडकला असं वाटतं. प्रत्यक्षात घशाच्या नसा गारव्याने भडकलेल्या असतात. आधी कल्पना नसेल तर माणूस घाबरून अर्धमेला होतो. म्हणून सुई काढण्याआधीच सांगायचं: पाणी कोमट, बाहेर पडताना नाका-तोंडावर मफलर, स्टीलचा तांब्या फडक्यात धरायचा, फ्रिज दुसऱ्याने उघडायचा. अंगावर गांधी, ओठ सुजलेले, छातीत घरघर असेल तर मात्र ती अ‍ॅलर्जी. तिथे मफलर कामाचा नाही, तडक दवाखाना.

"मुंग्या येतात का, काका?" या प्रश्नाला "थोड्या" हेच उत्तर मिळतं, डोस कमी होईल या भीतीने. त्यापेक्षा सदऱ्याचं बटण लावायला सांगावं. चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही का, हे विचारावं. केमोच्या पुढच्या फेरीपर्यंत बधिरपणा टिकला असेल तर बाटली लटकवण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

तोंड आलं तर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खाण्याचा सोडा. जेवणानंतर आणि झोपताना गुळण्या.

तापाचं मात्र पुन्हा पुन्हा बजावायचं. औषध चढवल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. पेशीच नाहीत तर पू धरत नाही, लाली येत नाही. ताप हीच काय ती जंतुसंसर्गाची खूण. १००.४ फॅरेनहाइट दिसला की निघायचं, सकाळची वाट बघायची नाही, कारण अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. परस्पर पॅरासिटामॉल घेतली की ताप झाकला जातो. सुरगाणा-पेठसारख्या लांबच्या तालुक्यांतल्यांना रात्री गाडी कुणाची, हे पहिल्याच दिवशी विचारून १०८ नंबर फाईलवर लिहून द्यावा.

आणि चहा पिऊन लगेच थर्मामीटर जिभेखाली धरला की आकडा फुगतो. पंधरा मिनिटं थांबायचं. या थंडीत चहा तर होणारच.